मरिंबासाठी लिहायचे कोणी?

काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या निमित्ताने अमेरिकेत असताना एका उन्हाळी संगीत महोत्सवात मरिंबाचे एकलवादन ऐकायला मिळाले. मरिंबा म्हणजे आपल्या काष्ठतरंगाचा दूरचा आणि अंगाने बराच मोठा भाऊबंद. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांप्रमाणे दोन ओळींत मांडलेल्या लाकडी पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली धातूची एक उभी नळी आणि टोकाला लोकरीचा धागा गुंडाळलेल्या काठ्या घेऊन उभ्याने वाजवणारा वादक, असे या वाद्याचे रूप.

पहिली रचना संपेपर्यंत माझे लक्ष सुरांपेक्षा नळ्यांकडेच होते. खर्जाच्या बाजूच्या नळ्या लांब आणि मध्याकडे त्या आखूड होत गेलेल्या, हे ठीक. पण तारस्वरांच्या बाजूला त्या पुन्हा लांब होत गेल्या होत्या! लांब नळीचा स्वर खालचा, हे आपण नववी-दहावीच्या मुलांना शिकवतो. मग हे कसे? मध्यंतरात वादकाला विचारले. त्याने हसून हातात विजेरी दिली आणि नळीत डोकावायला सांगितले. तोंडापासून चार बोटे खाली चकती बसवून नळी बंद केलेली होती. चकतीखालचा सगळा भाग केवळ शोभेचा. प्रेक्षकांना नळ्यांची सुंदर कमान दिसावी म्हणून!

एक कोडे सुटले. दुसरे कार्यक्रमपत्रिकेत होते. त्या संध्याकाळच्या सहा रचनांपैकी एकही १९६० च्या आधीची नव्हती आणि दोन तर त्याच वर्षी लिहिलेल्या होत्या. व्हायोलिनच्या मैफिलीत तीनशे वर्षांपूर्वीची रचना सहज ऐकायला मिळते. मरिंबाची जात तर त्याहून जुनी. मग त्याच्या रचना इतक्या तरुण का? याचे उत्तर शोधताना आधी थोडे विज्ञान पाहू आणि मग इतिहासाकडे वळू.

पट्टी, नळी आणि ऊर्जा

ताणलेली तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर आपोआप उमटतात आणि कानाला गोड लागतात. लाकडी पट्टीचे तसे नाही. दोन्ही टोके मोकळी असलेल्या, सारख्या जाडीच्या पट्टीवर टोला दिला तर मूळ स्वराच्या साधारण २.७६ पट आणि ५.४० पट स्वर निघतात. ते मूळ स्वराशी जुळत नाहीत. म्हणून कारागीर पट्टी खालच्या बाजूने मधोमध कमानीसारखी कोरतो. त्यामुळे मूळ स्वर वरच्या स्वरांपेक्षा अधिक खाली येतो. कोरण्याचे प्रमाण साधून दुसरा स्वर बरोबर चौपटीवर, म्हणजे दोन सप्तके वर आणला जातो आणि तिसरा दहापटीच्या आसपास. तारेला जे निसर्गतः मिळते, ते पट्टीला घडवून द्यावे लागते.

आता नळी. वरून उघडी आणि खालून बंद असलेल्या नळीत लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या ध्वनीला अनुनाद मिळतो. २६२ हर्ट्झच्या स्वराला, म्हणजे मधल्या सप्तकातल्या पांढरी एकला, सुमारे ३३ सेंटिमीटरची नळी लागते. अशी नळी मूळ स्वराच्या फक्त विषम पटींना, म्हणजे तिप्पट, पाचपट अशा स्वरांना साथ देते. पट्टीचे वरचे स्वर चौपट आणि दहापट, म्हणजे सम! त्यांना नळी दाद देत नाही, ती एकट्या मूळ स्वराला उचलून धरते. मरिंबाचा गोल, गाभुळलेला आवाज यातूनच येतो.

येथे वर्गात हमखास होणारी एक चूक नोंदवतो. “नळीमुळे आवाज मोठा होतो, म्हणजे नळी ऊर्जा देते,” असे मुले म्हणतात. ऊर्जा तेवढीच असते, वादकाच्या टोल्याने दिलेली. नळी ती पट्टीकडून हवेकडे अधिक वेगाने पोचवते इतकेच. खर्च वेगाने झाला की शिल्लक लवकर संपते. म्हणून नळीवरचा स्वर मोठा असतो, पण लवकर विरतो. गज ओढून व्हायोलिनचा सूर हवा तेवढा लांबवता येतो. मरिंबावर सूर धरून ठेवायचा तर भराभर टोले देत राहण्यावाचून उपाय नाही. या वाद्यासाठी लिहायला बसलेल्या प्रत्येक संगीतकाराला याच अडचणीशी झुंजावे लागले.

वाद्य होते, रचना नव्हत्या

‘मरिंबा’ हा शब्द आफ्रिकेतील बांटू भाषांमधला. तेथे लाकडी पट्ट्यांखाली नळ्यांऐवजी वाळलेले भोपळे बांधत. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांबरोबर हे ज्ञान मध्य अमेरिकेत पोचले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्वाटेमालात आणि मेक्सिकोच्या चियापास प्रांतात मरिंबा लोकांचे वाद्य झाले. तेथील वाद्यांत नळीला एक भोक पाडून त्यावर आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्याने आवाजाला एक झणझण येते. तंबोऱ्याची जवारी ओळखणाऱ्या कानांना तिची गोडी समजावून सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पट्ट्यांची दुसरी ओळ आली आणि बाराही स्वर हाताशी आले. याचे श्रेय चियापासचे लोक कोरासोन बोरास यांना देतात, तर ग्वाटेमालाचे लोक सेबास्तियान उर्तादो यांना. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात उर्तादो बंधूंचे वादन अमेरिकनांनी ऐकले. शिकागोच्या डीगन कंपनीने मरिंबा कारखान्यात बनवायला घेतला, झणझण काढून टाकली आणि धातूच्या नळ्या बसवल्या. क्लेअर ओमर मसर या वादकाने १९३५ मध्ये शंभर मरिंबावादकांचा वृंद युरोपच्या दौऱ्यावर नेला आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही वाजवला.

पण हे शंभर जण वाजवत काय होते? मुख्यतः वाद्यवृंदांसाठी लिहिलेल्या प्रसिद्ध रचनांची रूपांतरे. अंगरखा दुसऱ्याचा, आपल्या मापाने उसवून शिवलेला. आपल्याकडच्या वाचकाला यात काय बिघडले असे वाटेल, कारण आपल्या संगीतात राग सर्वांचा असतो आणि त्याचा विस्तार कलावंत बैठकीतच करतो. १९५५ मध्ये मुंबईत शिवकुमार शर्मांनी संतूर पुढे आणले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न वाद्यावर राग कसा उतरवायचा हा होता. राग लिहून मिळण्याचा नव्हता. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र वादक लिहिलेली रचना वाजवतो. ज्या वाद्यासाठी कोणी लिहीत नाही, त्याला मंचावर स्वतःचे असे बोलायला काही नसते.

पहिले महत्त्वाचे पाऊल एका स्त्रीने उचलले. फ्रेडरिक पेट्राइडिस न्यूयॉर्कमध्ये केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद चालवीत. त्यांनी पॉल क्रेस्टन या संगीतकाराकडून मरिंबा आणि वाद्यवृंद यांसाठी एक रचना लिहून घेतली. १९४० मध्ये तिचे पहिले वादन झाले. वाद्यवृंदातल्याच तालवादक रूथ स्टुबर मरिंबावर होत्या. १९४७ मध्ये जॅक कॉनर या वादकाच्या मागणीवरून फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांनी मरिंबा आणि व्हायब्राफोन यांसाठी दुसरी रचना लिहिली. या दोन्ही रचनांत साथीला वाद्यवृंद आहे. विरणारा सूर सावरायला मागे व्हायोलिने असतात. एकट्या मरिंबाने मैफल पेलायची, हे अजून दूर होते.

टोकियो, १९६८

१९५० मध्ये लॉरेन्स लाकूर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने काही मरिंबा जपानमध्ये आणले. ते ऐकणाऱ्यांत केइको आबे ही शाळकरी मुलगी होती. पुढे ती उत्तम वादक झाली, पण तिच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला: वाजवायचे काय? तिने उत्तराची वाट पाहिली नाही. जपानच्या तरुण संगीतकारांकडे जाऊन ती मरिंबासाठी लिहा म्हणून सांगू लागली. १९६८ मध्ये टोकियोत तिने अशा नव्या रचनांची मैफल केली. अकिरा मियोशी यांची ‘तोर्स ३’ आणि मिनोरु मिकी यांची ‘टाइम फॉर मरिंबा’ या त्याच वर्षीच्या रचना तिच्यासाठी लिहिलेल्या. जगभरचे विद्यार्थी त्या आजही शिकतात.

नव्या रचनांना वाद्य अपुरे पडू लागले. नेहमीचा मरिंबा चार सप्तकांचा, किंवा थोडा अधिक. आबेंनी यामाहा कंपनीच्या तंत्रज्ञांबरोबर काम करून तो खालच्या बाजूला वाढवत नेला आणि १९८४ मध्ये पाच सप्तकांचा मरिंबा तयार झाला. खालचा स्वर ६५ हर्ट्झचा. आता गणित करून पाहा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर या स्वराला सुमारे १.३ मीटर लांबीची नळी हवी. वाद्याची उंची मात्र तेवढी नसते. म्हणून खर्जाच्या नळ्या खाली वळवून पुन्हा वर आणाव्या लागतात, नाहीतर त्या फुगवून रुंद कराव्या लागतात.

पट्ट्यांनी मात्र थोडी दया दाखवली. तारेची लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक उतरतो. पट्टीची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने, जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली की स्वर दोन सप्तके उतरतो. म्हणून वाद्य आवाक्यात राहिले. शिवाय खर्जाचे स्वर विरायला जास्त वेळ घेतात. संगीतकारांना हवा असलेला लांब सूर त्यांना वाद्याच्या या नव्या टोकाला सापडला. रचनेने वाद्य बदलायला लावले आणि बदललेल्या वाद्याने पुढच्या रचना.

मागणी, महोत्सव आणि दुसरे वादन

नवी रचना लिहून घेणे म्हणजे केवळ मानधन देणे नव्हे. बहुतेक संगीतकारांना मरिंबा वाजवता येत नाही. एका हातात दोन काठ्या, म्हणजे एकूण चार. त्या किती फाकतात, किती वेगाने फिरतात, कोणती उडी अशक्य, हे वादकानेच दाखवावे लागते. या हस्तकौशल्याची नीट मांडणी ली हॉवर्ड स्टीव्हन्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात केली. एकाच हाताने मनगट फिरवून सूर धरून ठेवण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले. त्यामुळे दुसरा हात मोकळा राहतो.

दुसरी अडचण निराळी. पुष्कळ नव्या रचना एकदाच वाजतात आणि कपाटात जातात. पहिल्या वादनाला बातमीचे मोल असते, दुसऱ्याला नसते. यावर १९८० च्या दशकात एक साधा उपाय निघाला. स्टीव्हन्स, विल्यम मर्श आणि गॉर्डन स्टाउट या तीन वादकांनी एकत्र येऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीकडून साहाय्य मिळवले आणि तीन नामवंत संगीतकारांकडून रचना लिहून घेतल्या: जेकब ड्रकमन, रॉजर रेनल्ड्स आणि जोसेफ श्वांटनर. रचना मागवणारेच तिघे, म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रत्येक रचनेला तीन वादक तयार. ड्रकमन यांची ‘रिफ्लेक्शन्स ऑन द नेचर ऑफ वॉटर’ (१९८६) ही पाण्याच्या सहा वृत्तींवरची सहा छोटी चित्रे आहेत. विरणारा सूर ही वाद्याची उणीव येथे थेंबांचा गुण होऊन येते.

तालवाद्यांच्या अमेरिकन संस्थेची १९७६ पासूनची वार्षिक अधिवेशने आणि निरनिराळे महोत्सव यांनीही हेच काम केले. तेथे एक जण नवी रचना वाजवतो आणि समोर बसलेल्यांतले दहा जण तिची प्रत घेऊन घरी जातात. आपल्या विज्ञान परिषदांहून हे फार वेगळे नाही. प्रयोग दुसऱ्याने करून पाहिल्याशिवाय तो विज्ञानात मुरत नाही.

शिक्षकांना जवळची वाटेल अशी गोष्ट मात्र याच्या पुढची आहे. थोर वादकांनी आपल्यासाठी मागवलेल्या रचना साहजिकच अवघड होत गेल्या. एका टोकाला बाळबोध धडे, दुसऱ्या टोकाला हात मोडतील अशा रचना आणि मधल्या विद्यार्थ्याला काहीच नाही! नॅन्सी झेल्ट्समन या वादक-शिक्षिकेने २००१ पासून आपल्या नावाचा मरिंबा महोत्सव भरवला आणि त्याच्या आश्रयाने मध्यम अवघडपणाच्या नव्या एकल रचना मिळवण्याचा प्रकल्प हाती घेतला. २००९ मध्ये अशा २४ रचनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात गुंथर शुलर यांच्यासारखे अभिजात परंपरेतले संगीतकार आहेत आणि पॉल सायमन यांच्यासारखे लोकप्रिय गायक-गीतकारही. मोठ्या माणसाकडे जाऊन “आमच्या मुलांना झेपेल असे, पण अस्सल लिहा” असे म्हणायला धैर्य लागते. विज्ञानाची पाठ्यपुस्तके करताना आपण हे धैर्य कितीदा दाखवतो?

वर्गात करून पाहा

मरिंबाच्या उत्तम पट्ट्या होंडुरास रोझवूडच्या असतात. आपल्या शिसवाच्याच डाल्बर्जिया प्रजातीतले हे झाड आता दुर्मिळ झाले असून त्याच्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आपल्याला सागवान चालेल. सुताराकडून सारख्या रुंदीच्या आणि सेंटिमीटरभर जाडीच्या चार पट्ट्या कापून घ्या: ४०, ३५.८, ३२.७ आणि २८.३ सेंटिमीटर लांबीच्या. प्रत्येक पट्टी टोकांपासून अनुक्रमे ९, ८, ७.३ आणि ६.३ सेंटिमीटरवर दोन खोडरबरांवर ठेवा. हे तिचे निस्पंद. सुताने गुंडाळलेल्या काठीने मधोमध टोला द्या. सा, ग, प आणि वरचा सा ऐकू येतील. लाकडाच्या रेषा वेगळ्या असल्याने थोडे घासावे लागेल. खोडरबर टोकांशी सरकवून तोच टोला द्या आणि स्वराचे काय होते ते मुलांनाच सांगू द्या. वरचा सा २० सेंटिमीटरला का आला नाही, हेही त्यांना विचारा.

मग शाळेत जो कोणी गाणी रचतो, बासरी वाजवतो किंवा कविता करतो, त्याच्याकडे या चार पट्ट्या घेऊन जा आणि स्नेहसंमेलनासाठी दोन मिनिटांची रचना मागा. पट्ट्यांचा सूर फार टिकत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आणि रचना मिळाली की ती दुसऱ्या तुकडीच्या मुलांकडूनही वाजवून घ्या.