लिनक्सवरील छपाई : दोषनिदानाच्या पायऱ्यांचा इतिहास

प्रस्तावना :
यूएसबी तारेने संगणकाला जोडलेला इंकजेट प्रिंटर छापेनासा झाला की दोष यंत्रात असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. शाई, कागद व तार ठीक असूनही छपाई होत नसेल, तर लिनक्सवर दोषाचा शोध पायरीपायरीने घ्यावा लागतो. कर्नलला प्रिंटर दिसतो का, छपाईची रांग सुरू आहे का, मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर होते का, असा हा क्रम होय. या पायऱ्या कोणी एकाच वेळी आखलेल्या नाहीत. त्या निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या अडचणींतून निर्माण झाल्या. प्रस्तुत लेखात त्यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

मूळ प्रश्न :
१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत बदल करून रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा वेळी वापरकर्त्यांना सूचना मिळण्याची सोय केली होती. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली मात्र त्यांना नाकारण्यात आली. दोष समोर दिसत होता, उपायही ठाऊक होता. पण उपाय करण्याचा अधिकार नव्हता. या अनुभवाचा स्टॉलमन यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

रांग आणि रूपांतर :
१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. छपाईची रांग सांभाळणारी 'एलपीडी' ही आज्ञावली लिनक्सला बर्कली युनिक्सच्या परंपरेतून मिळाली. छपाईचे काम रांगेत ठेवणे व पुढे पाठवणे एवढेच तिचे कार्य होते. प्रिंटरला मजकूर समजतो की नाही, याच्याशी तिचा संबंध नव्हता. युनिक्सवरील आज्ञावल्या प्रायः पोस्टस्क्रिप्ट भाषेत पाने तयार करीत. स्वस्त इंकजेट प्रिंटरला ती भाषा अवगत नसे. पीटर डॉइच यांच्या घोस्टस्क्रिप्टने (१९८८) पानाचे ठिपक्यांत रूपांतर करून ही दरी बुजवली. तथापि, ते ठिपके कोणत्या संकेतांनी पाठवायचे, ही माहिती बहुधा उत्पादकाकडेच असे. एप्सनच्या सहा रंगी प्रिंटरसाठी रॉबर्ट क्राविट्झ यांनी १९९९ मध्ये पुढे नेलेला 'गिंप-प्रिंट' प्रकल्प याच गरजेतून वाढला. तोच पुढे 'गुटेनप्रिंट' या नावाने ओळखला जाऊ लागला.

यूएसबी आणि कप्स :
यूएसबीचे पहिले मानक १९९६ चे आहे. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या कर्नलमध्ये यूएसबीची व्यवस्था समाविष्ट होती. दरम्यान १९९९ मध्ये मायकेल स्वीट यांची 'कप्स' ही प्रणाली उपलब्ध झाली. तिने रांग, रूपांतर व जोडणी या तिन्ही बाबी एका व्यवस्थेत आणल्या. त्यामुळे दोष कोणत्या पायरीवर आहे, हे नोंदवहीवरून ओळखणे सुलभ झाले. परंतु नव्या पायरीबरोबर नवा दोषही येतो. २००९ मधील कप्स १.४ या आवृत्तीने प्रिंटरशी थेट संपर्काची नवी पद्धत स्वीकारली, तेव्हा कर्नलमधील 'यूएसबीएलपी' हा भाग व कप्स एकाच प्रिंटरवर हक्क सांगू लागले. प्रिंटर दिसे, पण छापत नसे. 'यूएसबीएलपी'ला बाजूला ठेवणे हा त्यावरील उपाय ठरला. नंतरच्या आवृत्त्यांत कप्सच ही काळजी घेऊ लागले.

ड्रायव्हरविरहित छपाई :
२०१३ मध्ये 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे मानक प्रसिद्ध झाले. या पद्धतीत प्रिंटर आपली क्षमता स्वतःच संगणकाला कळवतो. स्वतंत्र ड्रायव्हरची गरज राहत नाही. यूएसबीवरही ही सोय 'आयपीपी-यूएसबी' या आज्ञावलीमुळे मिळते. मात्र तिने प्रिंटर ताब्यात घेतल्यावर जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला तो उपलब्ध होत नाही. हक्काचा जुना वाद येथे नव्या रूपात दिसतो. जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर पुढे वगळण्याचे धोरण कप्सने जाहीर केले असल्याने, नवे मानक न जाणणाऱ्या प्रिंटरचे भवितव्य हा आजचा प्रश्न आहे.

समारोप :
या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे. ज्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची मूळ आज्ञावली खुली आहे, त्याला नव्या व्यवस्थेत सामावून घेता येते. गुटेनप्रिंटसारख्या प्रकल्पांमुळे अनेक जुनी यंत्रे त्यांच्या उत्पादकांनी लक्ष काढून घेतल्यावरही उपयोगी राहिली. ज्याचा ड्रायव्हर केवळ विशिष्ट प्रोसेसरसाठी, बंद स्वरूपात दिला गेला, तो प्रिंटर सुस्थितीत असूनही नव्या संगणकापुढे मुका होतो. दोष शोधण्यासाठी कौशल्य पुरेसे असते. तो दूर करण्यासाठी मात्र ज्ञान खुले असावे लागते. म्हणूनच महाविद्यालयांनी प्रिंटर खरेदी करताना किंमत व वेग यांच्याबरोबर हा निकषही विचारात घेणे इष्ट ठरेल.