डाकोटा आणि मुलीचा प्रश्न

२०१८ सालची गोष्ट. माझा मेहुणा तेव्हा नोकरीनिमित्त गाझियाबादला होता. त्याने ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाचे पास मिळवले आणि आम्ही चौघे त्याच्याबरोबर हिंडनच्या तळावर गेलो. फजरनंतर लगेच निघालो होतो. बायकोने केलेले पराठे गाडीतच राहिले, पण धाकट्याला भुकेची आठवणही नव्हती. त्याला लढाऊ जेट विमाने पाहायची होती.

त्याआधी आकाशात आले एक जुने विमान. दोन पंख्यांचे, सावकाश घरघरत जाणारे. मुलगा म्हणाला, "हे तर एसटीसारखं चाललंय!" आजूबाजूचे लोक हसले. मी मात्र उभा राहिलो. ती डाकोटा होती. दुसऱ्या महायुद्धात सैन्य आणि रसद वाहणारे हे विमान. राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ ते हवाई दलाला भेट दिले. वडील स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. त्याच वर्षी मे महिन्यात ते 'परशुराम' या नावाने दलात दाखल झाले. त्याच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक मुद्दाम घातला आहे. १९४७ साली काश्मीरला गेलेल्या डाकोटाची ती आठवण.

मी मुलांना सांगू लागलो. २६ ऑक्टोबर १९४७ रोजी महाराजा हरिसिंगांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. दुसऱ्याच दिवशी सकाळी दिल्लीहून डाकोटा विमाने पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय बारामुल्लाच्या बाजूला लढताना शहीद झाले. पुढे हवाई दलाच्या जोडीला खासगी कंपन्यांच्या डाकोटाही माणसे आणि दारूगोळा वाहत राहिल्या. धावपट्टी शत्रूच्या हाती गेली असती तर विमाने उतरणार कुठे?

नववीतली मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "अब्बा, इसमें अपने लोग थे क्या?"

प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होते. काही दिवसांपूर्वी वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला होता, "तुमचे लोक तर फाळणीत तिकडे गेले ना?" तिने घरी येऊन ते अम्मीला सांगितले होते, मला नाही.

परतीच्या वाटेवर मी तिला मकबूल शेरवानीची गोष्ट सांगितली. बारामुल्लाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, नॅशनल कॉन्फरन्सचा कार्यकर्ता. हल्लेखोर बारामुल्लात शिरले, तेव्हा श्रीनगर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर होते. ते तिथे लूटमार करत रेंगाळले आणि मकबूलने त्यांची दिशाभूल केली. कळल्यावर त्यांनी त्याला हाल करून ठार मारले. विमाने श्रीनगरला उतरू शकली, त्यामागे बारामुल्लात वाया गेलेला हा वेळही होता.

मग इद्रिस हसन लतीफ. हैदराबादचे. १९४२ मध्ये हवाई दलात आले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. फाळणीत अधिकाऱ्यांना देश निवडायचा होता. त्यांचे सहकारी असगर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले, पुढे तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ इथेच राहिले आणि १९७८ मध्ये भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. नंतर ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपालही होते. आम्ही हिंडनला गेलो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते वारले.

नावे सांगता सांगता मी थांबलो. मुलगी खूश होती, पण मला अवघडल्यासारखे झाले. मी इतिहास सांगत होतो की निष्ठेचा दाखला काढून देत होतो? वर्गातल्या त्या मुलाला आपल्या आजोबांचा हिशेब कुणी मागत नाही. माझ्या मुलीने का द्यावा? रणजित राय यांच्या बटालियनचे नाव घेताना आपण 'शीखही होते बरं का' असे म्हणत नाही. मग मकबूलचे नाव 'मुस्लिमही' म्हणून वेगळ्या कप्प्यात का ठेवायचे? तो बारामुल्लाचा होता आणि आपले गाव वाचवत होता.

तिला मी एवढेच म्हणालो, "बेटा, त्या विमानात बसलेले आणि त्याच्यासाठी जमिनीवर मेलेले, सगळेच आपले लोक."

तेव्हापासून वर्गात १९४७ आले की मी राय आणि शेरवानी एकाच तासाला, एकाच फळ्यावर लिहितो. कोण कुठल्या धर्माचा, हे मी सांगत नाही. एखादे पोर विचारते, तेव्हा आधी नकाशावर बारामुल्ला आणि श्रीनगर शोधायला सांगतो. अंतर मोजून झाले की पुष्कळदा तो प्रश्न पुन्हा येत नाही.