कर्णा घरात कसा आला

कोकणातल्या मालगुंडसारख्या गावात उत्सवाचा मांडव पडला की पोफळीच्या खांबाला पत्र्याचा कर्णा चढतो. कानाशी नातं सांगणारा हा शब्द संस्कृत ‘कर्ण’वरून आला असेल असं कुणालाही वाटेल. त्याचं कूळ मात्र फारसी आहे. तिकडे ‘कर्ना’ म्हणजे लांबलचक रणवाद्य. फौजेबरोबर ते इकडे आलं आणि शिंग-तुतारीच्या पंगतीत बसलं. याच मालगुंडात 1866 साली जन्मलेल्या कवी केशवसुतांनी 1893 मध्ये ‘तुतारी’ ही कविता लिहिली, तेव्हा दूरवर हाक पोचवायची तर फुंकण्याचंच वाद्य हाती होतं.

कर्णा नवी शक्ती निर्माण करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही. अरुंद टोकाशी इवलीशी हवा जोरात थरथरते. नळी बेताबेताने रुंदावत जाते, तशी ती थरथर बाहेरच्या मोठ्या हवेला पकडते. ग्रामोफोनने हीच युक्ती उचलली. 1902 साली कोलकात्यात गौहरजान गायली ती कर्ण्यात तोंड घालून, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकली तीही कर्ण्यातूनच. वाद्याचं नाव यंत्राच्या भोंग्यालाही चिकटलं.

पण कर्ण्याला खर्ज झेपत नाही. 50 हर्ट्‌झच्या स्वराची लहर जवळजवळ 7 मीटर लांब असते. ती नीट फेकायची तर कर्ण्याचं तोंड 2 मीटरहून रुंद हवं. मांडवातल्या कर्ण्यातून भजनीबुवांचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत जातो आणि पखवाजाची डावी बाजू वाटेत हरवते, ती यामुळेच.

यातून वाट काढली ती विजेने. 1906 मध्ये ली डी फॉरेस्टने ऑडिऑन ही निर्वात नळी केली आणि पुढे तिच्यामुळे क्षीण विद्युतलहर वाढवता येऊ लागली. ॲम्प्लिफायरचं घराणं इथून सुरू होतं. 1925 मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी चुंबकात हलणारं तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, असा स्पीकर मांडला. घरातले बहुतेक स्पीकर आजही त्याच वंशाचे. घरातला कर्णा गेला आणि त्याच्याबरोबर त्याची काटकसरही गेली. घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेतला साधारण शंभरावा भाग आवाजात बदलतो. उरलेली नुसती उष्णता.

म्हणून ॲम्प्लिफायर घेताना आधी वॅट बघू नयेत, स्पीकरच्या मागचा कागद वाचावा. ‘87 डेसिबल’ म्हणजे 1 वॅटला 1 मीटरवर तेवढा आवाज. 2 वॅटला 90, 10 वॅटला 97. 50 वॅटचा ॲम्प्लिफायर बदलून 100 वॅटचा आणला तर पदरात पडतात ते फक्त 3 डेसिबल. त्याऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढंच काम निम्म्या वॅटमध्ये होतं. दुसरा आकडा ओहमचा. 4 ओहमचा स्पीकर 8 ओहमच्या दुप्पट करंट ओढतो; तो पुरवण्याची ॲम्प्लिफायरची तयारी हवी.

खर्जाचा प्रश्न तरीही उरलाच. इंग्रजीत खालच्या स्वरांच्या स्पीकरला कुत्र्याच्या भुंकण्यावरून ‘वूफर’ आणि वरच्या स्वरांच्या स्पीकरला पाखरांच्या चिवचिवाटावरून ‘ट्वीटर’ अशी नावं पडली होती. वूफरच्याही खालचा तो सबवूफर. 1974 च्या ‘अर्थक्वेक’ चित्रपटात थिएटरातल्या प्रेक्षकांना खुर्च्यांसकट हादरवलं ते अशाच प्रचंड स्पीकरांनी. घरात शिरताना त्याला लहान व्हावं लागलं आणि तिथे निसर्गाने सौदा केला: लहान डबा, खोल खर्ज आणि कमी वीज, यांतलं एक सोडा. विजेची काटकसर सोडली. शंकू जड केला आणि तो हलवायला पोटातच स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवला.

जड केलं की स्वर खाली उतरतो, हे आपल्या पखवाज्याला केव्हापासून ठाऊक आहे. बसण्याआधी तो ओल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापतो, बोटाने कडा सारखी करतो, थाप मारून बघतो. थोडी जास्त झाली की नखाने खरवडतो.

सबवूफरचं लावणंही असंच. साधारण 80 हर्ट्‌झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला उमगत नाही, म्हणून एकच डबा पुरतो आणि नजरेआड ठेवता येतो. कोपऱ्यात ठेवला तर खर्ज फुगतो. चिऱ्याच्या जाड भिंती तो परत फेकतात, वरचं कौलारू छप्पर त्यातला बराचसा बाहेर सोडतं. त्यामुळे स्लॅबच्या खोलीत गदगदणारा डबा माजघरात बेताचा वाटू शकतो. विकत घेण्याआधी शक्यतो आपल्याच घरात वाजवून बघावा.

परीक्षेला एखादं ओळखीचं भजन लावावं. पखवाजाची डावी थाप कोपऱ्यातून वेगळी ऐकू आली, तर कणीक जास्त झाली. नॉब थोडा मागे घ्यावा. थाप पुन्हा बुवांच्या शेजारी येऊन बसेपर्यंत.