कंपाची कुळकथा

वैद्यकाच्या दप्तरात ‘कंपवात’ ही नोंद जुनी आहे, आणि 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्या व्याधीची लक्षणे एका निबंधात बारकाईने मांडली; तथापि ज्या गणिताने आज हाताच्या कंपाची जात ओळखता येते, त्याचे कूळ शोधू गेल्यास ते रुग्णशय्येपाशी नव्हे, तर रॉबर्ट ब्राउन यांना 1827 मध्ये पाण्यात अविरत हलताना दिसलेल्या सूक्ष्म कणांपाशी जाऊन पोहोचते. त्या हालचालीचा उगम अदृश्य रेणूंच्या धक्क्यांत आहे असे आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये दाखविले, आणि घर्षण व यादृच्छिक धक्के यांना लांजव्हँ यांनी 1908 मध्ये एकाच समीकरणात बसविले.

या वंशावळीत आपल्या किनाऱ्याचाही एक पुरुष आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी यादृच्छिक वक्राचे परस्परलंब मूळ आकारांत विभाजन करण्याची रीत 1943 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ती कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावे रूढ झाली, ही नोंद दुरुस्त व्हावी असे मला मनापासून वाटते; कारण मनगटाला बांधलेल्या त्वरणमापकाच्या तिन्ही दिशांच्या नोंदींतून कंपाची मुख्य दिशा वेगळी काढताना आजही याच कुळातील गणित कामी येते.

आचऱ्याच्या पिरावाडीत जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्धाचा हात मांडीवर विसावला असता अंगठा तर्जनीवर गोळी वळल्यासारखा फिरत राही, आणि तोच हात सुई घेऊन तुटलेल्या आसाला गाठ मारू लागला की कंप ओसरे. हात निरोग्याचाही कापतो. परंतु तेथे स्नायूंच्या विस्कळीत धक्क्यांनी हाताचे स्वाभाविक आंदोलन तेवढे जागते, म्हणूनच हाताला वजन बांधल्यास त्या आंदोलनाची गती मंदावते. कंपवाताचा सेकंदाला चार ते सहा आवर्तनांचा ताल मात्र वजनाला फारशी दाद देत नाही, कारण त्याचे फर्मान मेंदूतून सुटते. फ्रायबुर्गच्या गान्टेर्ट, होनरकाम्प व टिमर यांनी 1992 मध्ये दोन्ही प्रकारच्या कंपांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निरोगी कंप रेषीय यादृच्छिक प्रक्रियेत बसला. रोगट कंप मात्र तिच्यात मावेना.

असंख्य आंदोलक एकताल कसे होतात याचे कुरामोतो यांनी 1975 मध्ये मांडलेले गणित हाती घेऊन, पीटर टास यांनी मेंदूत निरनिराळ्या जागी क्रमाक्रमाने सौम्य विद्युत्स्पंद देऊन कंपाचे ते फर्मान सोडणाऱ्या पेशींचा एकताल मोडण्याची रीत सुचविली.