हंगामाच्या नावाखाली

साल 1890. पौष सरत आलाय आणि अकोल्याच्या एका जिनात तुम्ही पहाटेपासून उभ्या आहात. समोर चामडी रूळ गरगरतोय. त्याच्या तोंडाशी ओंजळभर कापूस द्यायचा. रूळ रुई ओढून घेतो, पात्याशी अडलेली सरकी जाळीतून खाली गळते. पुन्हा ओंजळ. बोटं आणि पातं यांच्यात वीतभरही अंतर नाही. पायाखाली लांबलचक शाफ्ट फिरतोय, त्यावरून प्रत्येक यंत्राला पट्टा आलाय. कशालाच कठडा नाही.

“पदर खोच वं माय घट्ट,” शेजारची बाई ओरडून सांगते. “पट्ट्यानं ओढला तं सुटत नाही.”

तुम्ही पदर खोचता. कंदिलाच्या उजेडात रुईची तूस तरंगतेय. पापण्यांवर, ओठांवर, नाकात तीच. चार दिवस खाडा करून आलेल्या बाईची छाती पहिल्याच दिवशी आवळून येते. तिला वाटतं, थंडी बाधली. ती कापसाची धूळ आहे. डॉक्टर या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात.

अंधार पडला तरी सुटीचा भोंगा वाजत नाही. 1881 च्या कारखाना कायद्यातून वर्षाकाठी चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे कारखाने वगळले आहेत. शेजारच्या खानदेशात तर ऐन हंगामात त्याच बायांकडून सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस काम करून घेतात, असं 1884 च्या मुंबई कारखाना आयोगापुढे जिनाच्या व्यवस्थापकानेच सांगितलं. जिवाला धोका सगळ्यात जास्त हंगामात, आणि सूटही हंगामालाच! याचा संताप आजही यायला हवा.

पुढे चला. 1891 च्या कायद्याने बायांना दिवसाचे 11 तास ठरवून दिले, तरी 1908 च्या कारखाना मजूर आयोगाला जिनांत 17-18 तास राबणाऱ्या बाया आढळल्या. 1948 च्या कारखाना कायद्याने मात्र पट्ट्याचं भय ओळखलं: चालत्या यंत्राची तपासणी करायची तर अंगाला घट्ट बसणारे कपडे हवेत, असं ठरवलं.

आता 2017 चा भादवा. पाठीवर फवारणीचा पंप, कपाशी डोक्याएवढी, वारा तोंडावर. अंगातला सदरा औषधाने भिजून कातडीला चिकटलाय. डोळे चुरचुरतात, मळमळतं, पण रोज बुडेल म्हणून तुम्ही पुढची ओळ धरता. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अकोला जिल्ह्यातही बळी गेले. कापूस तोच, पण शेताला कारखाना कायदा लागूच होत नव्हता. तिथे निरीक्षक येत नव्हता.

म्हणून ज्यांच्या शेतात मजूर आहेत त्यांना कळकळीने सांगणं आहे: पंप देण्याआधी हातमोजे, मास्क, चष्मा द्या. वाऱ्याच्या उलट फवारायला लावू नका. मजूर भोवळ येते म्हणाला की पंप उतरवा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन त्याला लगेच दवाखान्यात न्या.