त्रिमूर्ती, तिपिटक आणि पहिली प्रतिज्ञा

उत्पत्ती, स्थिती व लय या कार्यांचे अधिपती म्हणून ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची त्रयी पुराणांनी मांडली. तिपिटकात ही त्रयी नाही. तेथे ब्रह्मा आहे, सक्क म्हणजे इंद्रही आहे; परंतु ते जगाचे निर्माते नसून कर्मनियमाने बांधलेले अनित्य जीव आहेत.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्त याचे मर्म सांगते. रिकाम्या ब्रह्मविमानात प्रथम उपजलेल्या जीवाला सोबतीची इच्छा होते. नंतर इतर जीव तेथे उपजतात, तेव्हा तो स्वतःलाच त्यांचा कर्ता समजतो आणि तेही तसेच मानतात. केवट्टसुत्तात चार महाभूतांचा निरोध कोठे होतो, हे महाब्रह्म्यालाही ठाऊक नसते. तो भिक्खूला बाजूला नेऊन आपले अज्ञान कबूल करतो व तथागतांकडे पाठवितो.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. मढच्या पूर्वेस, अंधेरीतील कोंडिविटे येथील बौद्ध लेण्यांत जाळीदार खिडक्यांच्या गोल दालनात आजही स्तूप उभा आहे. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘महाकाली लेणी’ झाली आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिली याच त्रयीला नाकारते. तिचा आधार तिपिटकातच आहे. म्हणून देव्हाऱ्यात बुद्धमूर्ती ठेवून तिला नवस बोलणाऱ्या उपासकाने विचार करावा : आपण देव सोडला, की त्याचे फक्त नाव बदलले?