कॉकटीलचे पिल्लू किती दिवसांचे असावे?

मुंबई-पुण्यात कॉकटीलचे पिल्लू घ्यायला दुकानात गेले, की बहुधा एक छोटा खोका पुढे येतो. तळाला भुसा, त्यावर तीन-चार आठवड्यांचे पिल्लू. पिसे अजून नळीतून अर्धवट बाहेर आलेली, तुऱ्याच्या जागी नुसते काट्यांसारखे कोंब. माणसाचा हात दिसताच ते मान वरखाली करत घरघरू लागते. पिल्लासोबत सिरिंज आणि हँडफीडिंगच्या पावडरचा डबा दिला जातो, आणि जोडीला सल्लाही मिळतो: एवढ्या लहानपणी हाताने भरवले, तरच पक्षी माणसाळतो. हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो, की तो पक्षिपालनाचा पूर्वापार नियमच वाटावा. माझे म्हणणे असे, की हा नियम पूर्वापार नाही आणि खराही नाही. कॉकटील माणसाच्या घरात आला त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. त्यातली पहिली शंभरेक वर्षे तो मुख्यतः आईबापांच्याच चोचीतून वाढला. भरवणाऱ्या चोचीची जागा सिरिंजने घेतली ती अलीकडे, आणि त्यामागे पक्ष्याच्या स्वभावापेक्षा व्यापाराची सोय अधिक होती.

मूळचा हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, काकाकुवांच्या कुळातला सर्वांत लहान. रॉबर्ट केर याने १७९२ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. आज वापरात असलेले प्रजातीचे नाव वाग्लरने १८३२ मध्ये ठरवले. पण युरोपातल्या लोकांना त्याची खरी ओळख झाली ती जॉन गूल्डमुळे. गूल्ड आणि त्याची चित्रकार पत्नी एलिझाबेथ १८३८ ते १८४० या काळात ऑस्ट्रेलियात होते. न्यू साउथ वेल्सच्या मैदानांत त्याने या पक्ष्यांचे असे थवे पाहिले, की दाणे टिपताना त्यांनी जमीन झाकून जावी आणि पाण्याजवळच्या वाळक्या निलगिरीवर शेकड्यांनी बसावे. ही माहिती पुढच्या युक्तिवादासाठी महत्त्वाची आहे. कॉकटील गवताच्या बियांवर जगतो, पाणी आटले की मुक्काम हलवतो आणि घरटे करतो झाडाच्या ढोलीत. चार ते सात अंडी, साधारण तीन आठवडे उबवण. दिवसा बहुधा नर बसतो, रात्री मादी. पाचेक आठवड्यांनी पिल्ले ढोलीबाहेर येतात, तरी नंतर काही आठवडे आईबाप त्यांना भरवतच असतात. दाणा सोलायला, थव्याच्या हाकेला उत्तर द्यायला आणि धोका ओळखायला ती याच काळात शिकतात.

गूल्ड १८४० मध्ये इंग्लंडला परतला तेव्हा त्याने मेहुणा चार्ल्स कॉक्सन याच्याकडचे जिवंत बजरीगर सोबत नेले, आणि युरोपात ऑस्ट्रेलियन पोपटांचे वेड सुरू झाले. कॉकटीलही त्याच लाटेत आला. शिडाच्या जहाजांचा प्रवास महिनोन्महिन्यांचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींची वाट जवळची झाली. अशा सफरीत टिकणारा पक्षी म्हणजे कोरड्या दाण्यावर जगणारा, वाढ झालेला पक्षी. दर काही तासांनी कोमट पेज लागणारे पिल्लू जहाजावर आणणे कुणाच्या ध्यानीमनीही नसणार. जर्मनीत कार्ल रुस याने १८७२ मध्ये पक्षिपालनाचे साप्ताहिक काढले आणि परदेशी पक्ष्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. त्या सगळ्या परंपरेत कॉकटीलची ख्याती होती ती सहज जोडी जमवून पिल्ले काढणारा पक्षी म्हणून. मोठा जाळीदार पिंजरा, एक लाकडी पेटी, आणि बाकीचे काम पक्ष्यांचे. खांद्यावर बसवून फिरवण्याचा हौशी सोबती ही त्याची मुख्य ओळख तेव्हा नव्हती.

१९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. तोवर परदेशातली पैदास इतकी रुळली होती, की या बंदीने बाजार थांबला नाही. उलट बंद पिंजऱ्यांतल्या पिढ्यांतून रंग फुटू लागले. पांढऱ्या-करड्या ठिपक्यांचा पाइड १९४९ मध्येच कॅलिफोर्नियात दिसला होता, पिवळसर पांढरा ल्युटिनो १९५८ मध्ये फ्लोरिडात, आणि पर्ल १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीत. रंगाला भाव आला तसे माणसाने जवळच्या नात्यातल्या जोड्या लावल्या. ल्युटिनोच्या तुऱ्यामागचे टक्कल ही त्या घाईची खूण आजही दिसते. नेमक्या याच टप्प्यावर पक्ष्याला किंमत दोन गोष्टींची येऊ लागली: रंग आणि हातावर बसणे.

हाताने भरवण्याचे शास्त्र जुळले ते त्यानंतर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९७० आणि ८० च्या दशकांत कॉकटीलची पिल्ले पोपटवर्गीय पक्ष्यांच्या पोषणाचा नमुना म्हणून वाढवली. वाढत्या पिल्लाच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे वीस टक्के असावे, हा निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तयार पावडरींमागचा पाया हाच. हे काम प्रामाणिक आणि मोलाचे होते. आईबापांनी टाकलेले पिल्लू आज वाचते ते अशा ज्ञानामुळे. पण आणीबाणीचा उपाय बाजाराने रोजची रीत करून टाकला.

महाराष्ट्रात ही रीत सहज रुजली, कारण इथे तिला एक जुनी जागा तयारच होती. पोपट आणि मैनेला बोलायला शिकवणे ही वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांपैकी एक. आपल्याकडे पोपट म्हणजे ढोलीतून काढलेले पिल्लू, भिजवलेली डाळ आणि मिरची हेच समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पण देशी पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली ती १९९०-९१ मध्ये. पिंजरा रिकामा झाला, हौस मात्र कायम राहिली. तिथे बजरीगर, लव्हबर्ड आणि कॉकटील येऊन बसले. १८६९ सालच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणच्या पक्षिविक्रीत आज कायद्याने चालते ती या परदेशी जातींचीच खरेदी-विक्री. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात १९८१ पासून जवळपास सगळे पोपट नियंत्रित यादीत आहेत. वगळलेल्या मोजक्या जातींत कॉकटील आहे. त्यामुळे परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे अलीकडचे नियमही त्याला लागू होत नाहीत. हिरव्या पोपटाला कायद्याने जे दिले, त्यातले फारसे काही कॉकटीलच्या वाट्याला आले नाही. ढोलीतून पिल्लू काढण्याची सवय तेवढी त्याच्या लाकडी पेटीपर्यंत पोहोचली.

यावर पहिला आक्षेप असा, की कॉकटील आता रानटी राहिलेला नाही. कोंबडीसारखा पाळीव झाला आहे, मग ढोली आणि थव्याची भाषा कशाला? कोंबडी माणसाजवळ हजारो वर्षे आहे, कॉकटील दोनशेही नाही. रंग बदलला, पण उबवण्याच्या पाळ्या तशाच आहेत आणि आईबापांचे दोघांनी मिळून भरवणेही. रात्री सावली हलली तरी पिंजऱ्यात धडपडून पंख रक्ताळून घेण्याची सवय, जिला पाळणारे ‘नाइट फ्राइट’ म्हणतात, ती उघड्या मैदानातल्या थव्याचीच सवय आहे. एकटा ठेवलेला कॉकटील घरातले माणूस खोलीबाहेर गेले की शीळ घालत राहतो, तो थव्यालाच हाक मारत असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हाताने भरवलेला पक्षी खरोखर शांत असतो, हे कुणीही पाहू शकतो. हे मान्य. पण डेव्हिसच्याच संशोधकांनी १९८८ मध्ये ‘द ऑक’ या नियतकालिकात हाताने वाढवलेल्या आणि आईबापांनी वाढवलेल्या कॉकटीलची तुलना मांडली. हाताने वाढलेले नर घरट्याच्या पेटीकडे कमी वळले, त्यांच्या जोड्यांत फलित अंडी कमी निघाली; हाताने वाढलेल्या माद्यांनी अंडी अधिक घातली, पण अनेकदा पेटीऐवजी जमिनीवर. म्हणजे शांतपणाची किंमत पक्षी मोठा झाल्यावर मोजतो. आणि ती मोजण्याची गरजही नव्हती. १९९९ मध्ये तिथेच अ‍ॅमेझॉन पोपटांवर झालेल्या प्रयोगात पिल्ले आईबापांकडेच ठेवली, फक्त घरट्यातून काढून रोज थोडा वेळ हाताळली. ती माणसाळली. जात वेगळी आहे, हे खरे; तरी माणसाळण्यासाठी भरवणे अटळ आहे, या दाव्याला तेवढा पुरावा पुरेसा धक्का देतो. हवी असते ती हाताळणी, आणि ती पिल्लू पेटीत असतानाच करता येते.

सिरिंजमधला धोका विकत घेणाऱ्याला दुकानात कळत नाही. पेज सुमारे चाळीस अंश सेल्सिअसला लागते. थोडी अधिक गरम झाली, तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते. गार झाली तर अन्न पिशवीतच राहून आंबते. पिल्लू मान फिरवत असताना दट्ट्या दाबला, तर पेज फुप्फुसात जाते. अनुभवी पैदासकार हे निभावून नेतो. पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्या घरात, परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढणाऱ्या मुलाच्या हाती ते सोपवणे हा पिल्लावर अन्यायच आहे, आणि मुलावरही.

विक्रेत्याची अडचण खोटी नाही. दाणा स्वतः सोलणारे आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू विकायचे, तर मधल्या आठवड्यांचा खर्च, जागा आणि मेहनत त्याच्यावर पडते. खोक्यातले पिल्लू दिले की ते सारे गिऱ्हाइकाच्या घरी जाते. नेदरलँड्सने २०१४ पासून पोपटवर्गीय पिल्लांना स्वतः खाऊ लागण्याआधी आईबापांपासून तोडायला बंदी केली आणि जातींनुसार किमान दिवस ठरवून दिले, तेव्हा हा खर्च किमतीत आला. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. त्याच चौकटीत प्रत्येक जातीचे किमान वय लिहिणे अवघड नाही. तोवर गिऱ्हाइकाने दुकानातच पिल्लासमोर राळ्याची लोंबी धरून पाहावी. दाणे स्वतः सोलून खात असेल आणि सिरिंज पुढे केल्यावर घरघरत नसेल, तर ते पिल्लू घ्यावे आणि मोठ्या पिल्लासाठी विक्रेता मागेल ते जास्तीचे पैसे द्यावेत.